पीपीएफ खाते बंद न करता हलवावे

बदली झाली किंवा घर बदलले, की टपाल कार्यालयातील पीपीएफ खाते गैरसोयीचे ठरते. ते बंद करून बँकेत नवे उघडावे, असा विचार तेव्हा अनेकांच्या मनात येतो. तो महागात पडतो. मुदतपूर्व बंदी पाच वर्षांनंतर, गंभीर आजार वा उच्च शिक्षण अशा ठराविक कारणांसाठीच मिळते आणि व्याजात एक टक्क्याची कपात होते. शिवाय नव्या खात्याची पंधरा वर्षे पहिल्यापासून मोजली जातात.

हस्तांतरित खाते मात्र जुनेच मानले जाते. जून 2014 मध्ये उघडलेले खाते 2024 मध्ये हलविले, तरी त्याची मुदत मार्च 2030 अखेरच संपते. त्याऐवजी 2024 च्या जूनमध्ये नवे उघडले असते तर मार्च 2040 उजाडला असता.

त्यासाठी खातेदाराने जुन्या कार्यालयात पासबुकासह हस्तांतराचा अर्ज द्यावा व नव्या शाखेचा संपूर्ण पत्ता लिहावा. खात्याचा प्रमाणित उतारा, मूळ अर्ज, नमुना स्वाक्षरी आणि शिलकेचा धनादेश तेथून नव्या शाखेकडे जातो. पासबुक हातावेगळे करण्यापूर्वी प्रत्येक पानाची छायाप्रत अवश्य काढावी. एखादी नोंद राहून गेल्यास तीच उपयोगी पडते.

व्याजदर सरकार ठरविते व तो सर्वत्र सारखाच असतो. अधिक व्याजाच्या आशेने खाते हलविण्यात अर्थ नाही. हस्तांतर रेंगाळले म्हणून मधल्या काळात दुसरे खातेही उघडू नये, कारण एका व्यक्तीस स्वतःच्या नावे एकच पीपीएफ खाते ठेवता येते.