शीरखुर्मा सोसत नाही त्या पोरांचं काय? सीलिॲक आजाराविषयी थोडं

ईदला घराघरात शीरखुर्मा होतो. पण त्यातल्या गव्हाच्या शेवया काही जणांच्या आतड्याला चालत नाहीत. या आजाराचं नाव सीलिॲक. आपल्याकडे तो दुर्मीळ समजला जातो, म्हणून लवकर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ही साधी ॲलर्जी नव्हे. गहू आणि जव यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाला शरीराची प्रतिकारशक्ती शत्रू समजते आणि हल्ला स्वतःच्याच लहान आतड्यावर करते. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न तिथंच शोषलं जातं. ते झिजून सपाट होतात. मग पोर पोटभर जेवतं, पण अंगी लागत नाही. जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची. मोठ्यांत तर कधी पोटाची तक्रारच नसते, फक्त गोळ्या घेऊनही न हटणारा ॲनिमिया असतो. आम्ही मात्र नजर लागली म्हणतो, जंताचं औषध देतो, आणि वर्षं निघून जातात.

गव्हाचा दोष ओळखला तो हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात तिथं पाव मिळेना, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा बिघडली. त्यांचा जुना संशय पक्का झाला.

तपासणी म्हणजे आधी टीटीजी ही रक्ताची चाचणी, मग दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा. इथं एक चूक फार होते. कुणीतरी सांगतं म्हणून घरचे आधीच चपाती बंद करतात, आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो. तपासणी होईपर्यंत गहू चालू ठेवा.

इलाज एकच, गहू-जव कायमचे बंद. हलीम, नान, मैद्याचा समोसा गेला. तलबिनाही नाही, तो जवाचाच. बाजारच्या हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचं पीठ असतं. समोसे तळलेल्या तेलात बेसनाची भजी तळली तरी त्रास होतो. पण तांदळाची भाकरी, ज्वारी, बाजरी, नाचणी, बिर्याणी, कोकणातलं सांदण, खजूर, सगळं खुलं आहे. शीरखुर्मा तांदळाच्या शेवयांचाही छान होतो.

आतडं भरून येईपर्यंत रोजे ठेवावेत का, हे डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला ते नंतर पुरे करण्याची सवलत कुरआनातच आहे.

दावतीत खाला-फुफींनी ‘एक चमच्यानं काय होतंय’ म्हणून आग्रह करू नये. एका चमच्यानंही होतं. आणि घरात एकाला निघालं, तर आईवडील व भावंडांचीही चाचणी करून घ्या.