साक्रीच्या मातीवर मनाजोगते घर

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात एखाद्या कुटुंबाने आपल्या गरजेप्रमाणे आखून घेतलेले घर पूर्ण झाले, की पाहणाऱ्याची नजर प्रथम दर्शनी भागाकडे, रंगाकडे आणि जिन्याच्या कठड्याकडे जाते. परंतु त्या घराचे आयुष्य आणि त्यात राहणाऱ्यांचे सुख मुख्यतः दोन ठिकाणी ठरते, एक जमिनीखालच्या पायात आणि दुसरे डोक्यावरच्या छतात. अंदाजपत्रक जुळेनासे झाले, की काटकसरीची कात्री बहुधा याच दोन बाबींना लागते, हे दुर्दैवच म्हणावे लागेल.

त्याआधी कागदपत्रांचा भाग येतो. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका निर्वेध असावी लागते, आणि जमीन शेतीची असल्यास तिचा अकृषिक, म्हणजे शेतीखेरीज अन्य, वापर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे नियमित झालेला असावा लागतो. तालुक्याच्या पश्चिम भागात आदिवासी समाजांची मोठी वस्ती असल्याने याच कायद्याचे कलम ३६-अ लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वमंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित होऊ शकत नाही. पुढे २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नकाशा मंजूर होणे, जोत्यापर्यंतचे काम तपासले जाणे आणि अखेरीस भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहण्यास परवानगी देणारा दाखला, मिळणे असा क्रम असतो.

कान आणि पांझरा या नद्यांच्या आसपासच्या सपाटीवर काळी माती आढळते, तर सह्याद्रीच्या रांगांकडे सरकताना मुरूम आणि कातळ लवकर लागतो. काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी माँटमोरिलोनाइट नावाची खनिजे असतात. पावसाळ्यात ही माती फुगून वर रेटा देते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि ही उलथापालथ दरवर्षी होत राहिल्याने उथळ पायावरच्या भिंतींना खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या चिरा पडू लागतात. यासाठी नकाशा काढण्याआधीच जागेवर चाचणीचा खड्डा घेऊन मातीचा थर किती खोल आहे हे पाहावे लागते. थर कमी असेल तर पाया खालच्या घट्ट मुरुमापर्यंत नेला जातो. थर खोल असेल तर रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी घेर वाढवलेले खांब जमिनीत साधारण साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे ऋतुमानाप्रमाणे मातीतली ओल फारशी बदलत नाही अशा खोलीपर्यंत, उतरवता येतात. हा निर्णय शेजारच्या घराकडे पाहून घेण्याचा नव्हे, तो संरचना अभियंत्याचा आहे. खोदून निघालेली काळी मातीच जोत्यात भरण्याची सवय तर कटाक्षाने टाळली पाहिजे, कारण मग भिंती शाबूत राहिल्या तरी फरशी उचलली जाते. जोत्यात मुरूम भरून, पाणी मारून, थराथराने धुम्मस करावी; घराभोवती फरसबंदी करून छताचे आणि मोरीचे पाणी पायापासून दूर काढावे.

पाण्याच्या बाबतीतही इथली भूरचना आपले वैशिष्ट्य दाखवते. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत बेसाल्टच्या थरांना छेदून वर आलेल्या, भूशास्त्रात ‘डाइक’ म्हटल्या जाणाऱ्या खडकाच्या उभ्या भित्ती मैलोगणती पसरलेल्या आहेत. त्या भूजलाचा प्रवाह अडवू शकत असल्याने एकाच शिवारात भित्तीच्या एका बाजूची कूपनलिका भरपूर पाणी देते आणि दुसरीकडची कोरडी जाते.

छताचा विचार करताना खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांकडे वळावे लागते. लाकडी खांब, तुळया आणि कड्यांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा पसरली जाणारी खारी माती, अशी ही रचना असे. दुपारची उष्णता त्या जाड थरातून खाली पोचेपर्यंत रात्र होई, आणि तोवर घरची मंडळी धाब्यावरच निजत असत. आजचा चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि उष्णता संध्याकाळपासून आतच सोडू लागतो. साक्री सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट माथ्यावर येतो, म्हणजे सर्वांत मोठा मारा छतावर आणि त्याखालोखाल दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर होतो. म्हणून स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा उतार दिलेला कोबा, त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे आच्छादन, पश्चिमेला जिना, न्हाणीघर किंवा धान्याची खोली, आणि दक्षिणेच्या खिडक्यांवर हिवाळ्यातले तिरपे ऊन आत येऊ देईल एवढाच छज्जा, या गोष्टी मुळातच नकाशात असाव्यात. पापड-कुरडया वाळवण्यासाठी गच्चीवर सहज जाता यावे, शेतमाल उतरवायला ओट्यापुढे जागा असावी, वृद्धांची खोली तळमजल्यावर असावी, अशा गरजा वास्तुविशारदाला आधीच सांगितल्या, तरच घर त्या कुटुंबाचे होते.

दिवाळीनंतर पाया घेतला, तर स्लॅबचे काम थंडीत उरकता येते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस पाणी द्यावे लागते. राखमिश्रित सिमेंट वापरल्यास ही मुदत चौदा दिवसांपर्यंत वाढवावी अशी शिफारस आहे. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर हे साधत नाही, आणि ओलाव्यावाचून राहिलेले काँक्रीट पुढे कितीही पाणी मारले तरी आपली पूर्ण ताकद कमावत नाही. गिलाव्यापूर्वी भिंतीतल्या नळांची आणि विजेच्या नळ्यांची छायाचित्रे काढून ती मंजूर नकाशा आणि सळईच्या आराखड्यांसोबत जपून ठेवावीत, म्हणजे पुढे दुरुस्तीसाठी येणाऱ्या गवंड्याला भिंत अंदाजाने फोडावी लागत नाही.