विसावा सेवा (किशोरवयीन)

मानसिक, भावनिक किंवा वर्तनविषयक अडचणी असलेल्या किशोरवयीन मुलाची नित्य काळजी घेणाऱ्यांना उसंत मिळावी, यासाठी प्रशिक्षित व्यक्तीने अथवा संस्थेने त्याच्या देखभालीची जबाबदारी ठरावीक काळापुरती स्वीकारणे, यास विसावा सेवा म्हणतात. 'रेस्पिट केअर' या नावानेही ती ओळखली जाते. आईवडिलांप्रमाणेच आजी-आजोबा व दत्तक पालकही तिचे लाभार्थी असतात.

स्वरूप

सेवेचा कालावधी काही तासांपासून काही दिवसांपर्यंत असतो. मदतनीस घरी येतो किंवा मुलाला बाहेर घेऊन जातो. क्वचित मूल दुसऱ्या कुटुंबात अथवा निवासी केंद्रात राहते. घरातील ताण विकोपाला गेल्यावर दिली जाणारी ती संकटकालीन सेवा, तर आधी ठरवून दिली जाणारी ती नियोजित सेवा होय. यांपैकी नियोजित सेवा किशोरांच्या बाबतीत अधिक हितावह मानावी लागते. भांडणानंतर घराबाहेर पाठवलेला मुलगा त्या व्यवस्थेला शिक्षा समजतो. आपण घराला नकोसे झालो, ही भावना त्याच्या मनात घर करते. म्हणून जाण्याचा दिवस, ठिकाण आणि विशेषतः परतण्याची वेळ त्याला आधी सांगितली जाते, तेथील माणसांशी भेट घडवली जाते. औषधे, तसेच तो कशाने बिथरतो व कशाने शांत होतो, याची नोंद मदतनिसाकडे दिली जाते. शिस्त लावण्यासाठी दूर ठेवणे म्हणजे विसावा सेवा नव्हे. या काळात पालकांना झोप मिळते आणि दुर्लक्षित राहिलेल्या भावंडांना आईवडील मिळतात.

कायदेशीर तरतुदी

अमेरिकेत २००६ च्या 'लाइफस्पॅन रेस्पिट केअर' कायद्याने सर्व वयोगटांसाठी राज्यांना अनुदानाची तरतूद केली. इंग्लंडमध्ये अपंग मुलांच्या काळजीवाहकांना विश्रांती देण्याविषयीचे नियम २०११ पासून लागू आहेत.

भारतात १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' योजना अशी सेवा देते; परंतु न्यासाचे कार्यक्षेत्र स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता एवढेच आहे. केवळ वर्तनविषयक अडचणी असलेला किशोर त्यात बसत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांचा उल्लेख आहे.

महाराष्ट्रात सुटीत मुलांना आजोळी धाडण्याची प्रथा नकळत हेच काम करीत आली. मात्र रात्री-अपरात्री घर सोडून जाणाऱ्या किंवा स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाची जोखीम मामा-मामींना पेलणारी नसते.