कार्बोरेटरवरील आरोप आणि त्याची शहानिशा

जुनी मोटारसायकल चढावर दम टाकू लागली, मूठ पिळूनही वेग घेईनाशी झाली, की ‘कार्बोरेटर गेला’ असा निवाडा पुराव्याची वाट न पाहता दिला जातो, आणि १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० सारखी गाडी निष्ठेने सांभाळणारे सद्गृहस्थही तो पुनःपुन्हा उतरवून धूत बसतात. या घाईच्या मुळाशी कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल सोडणारे एक छिद्र, ही समजूत आहे. वास्तविक स्लाइडच्या कार्बोरेटरात मुठीच्या प्रत्येक हिश्श्यावर निराळ्या भागाचा अंमल चालतो: मूठ मिटल्यापासून सुमारे एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेटचा (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्राची पितळी तोटी), तेथून पावापर्यंत स्लाइडच्या तळाशी असलेल्या तिरप्या कापाचा, पाव ते पाऊण सुईचा, आणि त्यापुढे मेन जेटचा; या हद्दी एकमेकींत मिसळलेल्या असल्या तरी तपासाची दिशा मुक्रर करण्यास त्या पुरेशा आहेत. म्हणून मुठीवर खडूची खूण करून गाडी नेमक्या कोणत्या उघडिपीला अडखळते ते आधी पाहावे. सुरुवातीलाच गुदमरणाऱ्या गाडीत मोठा मेन जेट बसविणे हे, दुखणे पायाला असता डोक्याला लेप लावण्यासारखे आहे.

तुंबलेला जेट तारेने कोरावा, हा दुसरा गैरसमज, आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. कारण पितळ मऊ असते, छिद्राचे माप मिलिमीटरच्या शतांशात मोजले जाते, आणि एकदा रुंदावलेले छिद्र पूर्ववत होत नाही. दाबाच्या हवेने तो फुंकून काढावा.

स्क्रू आवळला की ॲव्हरेज वाढते, ही श्रद्धाही तपासून घेतली पाहिजे. फिल्टरच्या बाजूला असलेला स्क्रू हवेचे नियमन करतो, तो आवळल्याने हवा-पेट्रोलचे मिश्रण उलट दाट होते. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू आवळल्यास ते पातळ होते. शिवाय दोहोंचा अधिकार मंद गतीपुरता आहे.

कमी उघडिपीत अडखळणाऱ्या गाडीचा चोक किंचित ओढावा: ती सावरली तर मिश्रण पातळ, अधिकच गुदमरली तर दाट, अशी साक्ष मिळते. मात्र पातळपणाचे कारण नेहमी तुंबलेला जेटच असते असे नाही. इनटेकचे रबर तडकून गाडी बाहेरची हवा खेचत असेल, तर कार्बोरेटर निर्दोष असूनही तीच लक्षणे दिसतात. अशा अवस्थेत गाडी दामटू नये, कारण इंजिन तापून पिस्टन जाम होण्याचे भय असते. पिकअपच्या लोभाने एअर फिल्टर काढून टाकणारे हेच संकट धुळीसह ओढवून घेतात.

काही वेळा तर अपराधी कार्बोरेटरच्या हद्दीबाहेरच असतो. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले, तर गाडी काही मैल सुरळीत चालून तहानल्यासारखी थांबते आणि झाकण उघडताच पुन्हा चालते. आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. आणि टू-स्ट्रोक गाडीच्या सिलेन्सरमध्ये तेलाच्या धुराने वर्षानुवर्षे काजळी साठते, त्यामुळे जळालेला वायू बाहेर पडावयास वाव राहत नाही व नव्या मिश्रणाला आत जागा मिळत नाही. आतली नळी बाहेर काढून खरवडल्यावर अशी गाडी, कार्बोरेटरला हातही न लावता, पुन्हा मोकळा श्वास घेऊ लागते.