कापडाचा व्यापारी, त्याचे भिंग आणि पोवळे

आमच्या व्यापारी बंधूंच्या पेढ्यांवर भिंग ही काही नवलाईची वस्तू नव्हे. कापडवाला ताग्याचा पोत पारखताना एका इंचात सूत किती बसले आहे हे लहानशा घडीच्या भिंगातून मोजतो. जवाहिरी डोळ्याशी भिंग धरून हिऱ्यातील डाग शोधतो. ह्या दोहोंच्या जोडीला अलीकडे तिसरे एक भिंग बाजारात आले आहे. ते घरातील मत्स्यालयाच्या काचेवर लावावयाचे असते आणि त्यातून पाण्यातील प्रवाळांचे व इतर बारीक जीवांचे निरीक्षण करावयाचे असते. हौसेचे खेळणे म्हणून ते घेणारेच अधिक. परंतु ह्या खेळण्याच्या कुळात कापडाचे व्यापारी होऊन गेले आहेत. आणि ज्या पोवळ्याची आमच्या सराफ्यात पिढ्यान् पिढ्या उलाढाल चालत आली, ते पोवळे मुळात दगड, झाड की प्राणी, ह्या वादाचा निकाल पाण्यात पाहणाऱ्या भिंगाने लागला. ही हकीकत आमच्या वाचकांच्या कानावर घालावी, अशी आमची पुष्कळ दिवसांची इच्छा होती.

प्रथम वस्तूचा परिचय करून देतो. चार बोटे ते वीतभर रुंदीचे बहिर्गोल भिंग एका कड्यात बसविलेले असते. कड्याला लोहचुंबक जोडलेला असून त्याचा जोडीदार काचेच्या आतल्या अंगास असतो. दोहोंच्या ओढीने भिंग काचेवर हवे तेथे टिकते आणि हवे तेथे सरकविता येते. दुसरा प्रकार डब्याचा. त्याचा तळ सपाट व पारदर्शक असतो. डबा पाण्यावर टेकविला म्हणजे पृष्ठभागावरील लाटांचा खेळ थांबतो आणि खालची प्रवाळे वरून स्पष्ट दिसतात. भूमध्य समुद्रातील स्पंज काढणारे ग्रीक कोळी काचेच्या तळाची बादली पाण्यावर धरून तळ न्याहाळीत. हा डबा म्हणजे त्याच बादलीचे घरगुती रूप होय.

येथे एखादा जवाहिरी बंधू म्हणेल, आमच्याजवळ दहापट मोठे दाखविणारे भिंग असताना हे दोन-अडीचपटीचे भिंग हवे कशाला? हिशेब करून पाहू. दहापटीच्या भिंगाचे नाभीय अंतर अडीच सेंटिमीटर असते. मत्स्यालयाची काच बारा मिलिमीटर जाड धरली, तर प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे ती आठ मिलिमीटरांइतकी भासते. उरले सतरा मिलिमीटर. पाण्याची खोली नेहमी खरीच्या पाऊणपट भासते, म्हणून ह्या सतरा मिलिमीटरांत खरे पाणी साधारण तेवीस मिलिमीटर मावते. म्हणजे काचेपासून दीड बोट अंतरापलीकडे जो जीव गेला, तो जवाहिऱ्याच्या भिंगातून गेलाच. उलट अडीचपटीच्या भिंगाचे नाभीय अंतर दहा सेंटिमीटर. त्याची नजर पाण्यात बारा सेंटिमीटरांपर्यंत पोचते. मोठेपणा कमी पत्करून लांबवरचे दिसणे विकत घ्यावयाचे, असा हा सौदा आहे. काचेकडे तिरकस पाहू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. नाहीतर आकृती ओढल्यासारखी विकृत दिसते.

आता इतिहासाकडे वळू. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) ह्या गृहस्थाचे कापडाचे दुकान होते. कापड पारखावयास त्या काळचे व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूकने स्वतःच्या हाताने भिंगे घासण्याचा छंद घेतला आणि दोनशेपटींहून अधिक मोठे दाखविणारी इवलीशी भिंगे बनविली. १६७४ साली त्याने एका तळ्याचे पाणी त्यातून पाहिले आणि त्यात हालणाऱ्या जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून कळविले. पुढे जिवंत लहान मासा पाण्याने भरलेल्या काचेच्या नळीत ठेवून त्याच्या शेपटीतील रक्ताचे अभिसरण भिंगातून पाहण्याचे एक उपकरणही त्याने केले. पाण्यातील जीव पाण्यातच ठेवून पाहावा, ही युक्ती आम्हांस त्याच्या मोठमोठ्या शोधांइतकीच मोलाची वाटते.

कारण पोवळ्याचा घोळ नेमका येथेच झाला होता. पाण्याबाहेर काढलेले पोवळे कडक, तांबडे, दगडासारखे. आकार पाहावा तर झाडाच्या फांदीसारखा. १७०६ साली मार्सिली ह्या इटालियन सरदाराने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले, तेव्हा तांबड्या फांदीवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली त्यास दिसली. झाले! पोवळे ही वनस्पती ठरली. मार्सेय येथील पेसोनेल नावाच्या वैद्याने पुढे वीस वर्षांनी तीच फुले अधिक धीराने पाहिली. स्पर्श होताच ती मिटत, पाण्याबाहेर काढली की आत शिरत आणि कुजली म्हणजे त्यांना प्राण्याच्या कुजण्याची दुर्गंधी येई. फुले नव्हेत, हे प्राणी आहेत, असे त्याने पॅरिसच्या विद्वत्सभेस कळविले. तेथील थोर शास्त्रज्ञ रेओम्यूर ह्यांना हे मत इतके विक्षिप्त वाटले की, १७२७ साली त्याचा परामर्श घेताना त्यांनी पेसोनेलचे नावसुद्धा घेतले नाही. त्याच्या अब्रूचे रक्षण व्हावे म्हणून, असे सांगतात! दुसऱ्याच्या अब्रूची अशी काळजी वाहणारे लोक प्रत्येक बाजारात असतातच.

पारडे फिरले ते १७४० साली, तेही एका ओढ्याकाठच्या गढूळ पाण्याने. हेगजवळ एका उमरावाच्या मुलांना शिकविणारा आब्राहाम त्रांब्ले हा तरुण शिक्षक पाणवनस्पती काचेच्या बरण्यांत घालून खिडकीत ठेवीत असे. त्यात त्यास हिरवा, नखाएवढाही नसलेला, शुंडके पसरून बसणारा एक जीव आढळला. आज आपण त्यास हायड्रा म्हणतो. तो वनस्पती की प्राणी हे ठरविण्यासाठी त्रांब्लेने त्याचे दोन तुकडे केले; दोन्ही तुकड्यांचे काही दिवसांत दोन पूर्ण जीव झाले. तरीही तो चालतो, भक्ष्य पकडतो आणि गिळतो, हे त्याने बरणीतच पाहिले. त्यासाठी त्याने भिंग एका सांध्यासांध्यांच्या दांडीवर बसविले होते. दांडी वळवून भिंग बरणीच्या काचेसमोर हवे तेथे थांबविता येई. आजच्या मत्स्यालयाच्या भिंगाचा हा साक्षात पणजोबा! ह्या शोधानंतर रेओम्यूर ह्यांनी आपले मत बदलले आणि पेसोनेलचे म्हणणे खरे असल्याचे छापून मान्य केले. जीव कापून पाहण्याची ती रीत आम्हांस रुचत नाही, हे येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शेवटचा पुरावा आणला तो पुन्हा एका कापडाच्या व्यापाऱ्याने. लंडनचा जॉन एलिस हा तागाच्या कापडाचा व्यापार करी. समुद्रातील शेवाळी व प्रवाळसदृश नाजूक झुडपे कागदावर चिकटवून देखावे करण्याची त्यास हौस होती. भिंगाखाली त्यांची वीण पाहताना त्यास शंका आली की, ही वनस्पतीची वीण नव्हे. १७५२ च्या ऑगस्टमध्ये तो एका चित्रकारास बरोबर घेऊन शेपी बेटाच्या किनाऱ्यावर गेला आणि समुद्राचे पाणी भरलेल्या भांड्यात ती झुडपे जिवंत पाहू लागला. जॉन कफ ह्या कारागिराकडून त्याने त्यासाठी खास उपकरण करवून घेतले होते. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात वस्तू भिंगाखाली सरकवावी लागते, आणि तेवढ्या हालचालीने हे लाजरे जीव मिटून जातात. कफच्या उपकरणात भांडे स्थिर राही आणि दांडीवरील भिंगच पाण्यावरून हलके सरके. दुकानदारीत मुरलेल्या माणसाचीच ही दृष्टी असावी. गिऱ्हाईक घाबरून उठून जाऊ नये अशा बेताने जवळ जाणे त्यास साधले. १७५५ साली एलिसने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १७६७ साली रॉयल सोसायटीने त्यास कॉप्ली पदक दिले. थोर निसर्गवेत्ते लिनियस ह्यांच्याशीही ह्या विषयावर त्याने पत्रांतून नेटाने वाद घातला.

आपल्याकडे 'जीवविचार' ह्या प्रकरणात आणि उत्तराध्ययन सूत्रात प्रवाळाची गणना पृथ्वीकायिक जीवांत केलेली आहे. त्यावरून आमच्या पूर्वाचार्यांना सूक्ष्मदर्शक ठाऊक होते, असा दावा करण्याच्या मोहात आम्ही पडणार नाही. शास्त्राचे वर्गीकरण आणि प्राणिशास्त्राचे वर्गीकरण ह्यांची मापे वेगळी आहेत. परंतु ज्याच्या दुकानात पोवळे तराजूत पडते, त्यास ते निर्जीव खडा म्हणण्याची सवलत दोन्ही मापे देत नाहीत, एवढे खरे.

पाण्यातील जीव पाण्यातच पाहण्याची ही हौस शंभर वर्षांनी घरोघर शिरली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस ह्यांनी मत्स्यालयावर ग्रंथ लिहिला आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर टोपल्या-बरण्या घेऊन लोकांची रीघ लागली. गॉस हे धर्मनिष्ठ गृहस्थ. सृष्टीचे कौतुक वाढावे हा त्यांचा हेतू. पण खडकांतील डबकी पाहता पाहता ओकीबोकी झाली, आणि त्याचे दुःख त्यांना जन्मभर राहिले, असे त्यांच्या पुत्राने १९०७ साली लिहून ठेवले आहे.

हाच धोका आज आपल्या दारी आहे. मत्स्यालयाचे साहित्य विकणारी दुकाने आता लहान शहरांतही निघाली आहेत आणि आमच्यातील काही तरुण त्या व्यापारात आहेत. त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली शैलप्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळे आणि समुद्रपंखे समाविष्ट झाली. कच्छच्या आखातातील असोत, मालवणच्या किनाऱ्यालगतची असोत वा गोव्याच्या ग्रांद बेटाजवळची असोत, ती समुद्रातून काढणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. पकडले जाण्याची भीती हे कारण दुय्यम समजावे. मुठीएवढ्या प्रवाळाच्या तुकड्यावर शेकडो जीव वसलेले असतात. त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवले प्रकाशावर अन्न करून त्यांना पोसतात. प्रकाश, क्षार किंवा उष्णता थोडी चुकली की ती शैवले निघून जातात, प्रवाळ पांढरे पडते आणि बहुधा मरते.

मग भिंग घेऊन पाहावे काय? गोडे पाणी. विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी एका काचेच्या बरणीत घ्यावे, त्यात एखादी पाणवनस्पती असावी, आणि दोन-तीन दिवस ती खिडकीशी, उन्हाबाहेर ठेवावी. झटके देत पोहणारे कण दिसू लागतील. त्यांतला एखादा पेराच्या आकाराचा असेल, मागे अंड्यांच्या दोन पिशव्या बाळगणारा, तो सायक्लॉप्स. ह्याच जीवाच्या पोटातून नारूचे जंतू माणसाच्या पोटात जात. पाणी कापडाने गाळले की सायक्लॉप्स गाळण्यावर राहतो आणि नारू होत नाही. ह्याच साध्या उपायाचा आधार घेऊन देशभर मोहीम झाली. शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आमच्या घरांतील गाळणे ह्या मोहिमेहून कितीतरी जुने आहे. गाळण्यावरील जीव ज्या पाण्यातील त्याच पाण्यात परत सोडण्याची आमची रीत आहे. त्यापूर्वी ते घटकाभर पसरट वाटीतील पाण्यात ठेवून मुलांना भिंगातून दाखवावेत, एवढीच आमची सूचना. इतक्या वर्षांत आपण काय परत सोडीत होतो, ते मुलांस तरी दिसेल.

नशीब असेल तर बरणीच्या काचेला चिकटलेला हायड्राही सापडेल. तो दिवसा पाहावा, मात्र काचेस धक्का लागू देऊ नये. ज्यांच्याकडे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आधीपासून आहे, त्यांनी दिवे मालविल्यानंतर मंद तांबड्या उजेडात पाहावे. पुष्कळ जातींचे जीव तेव्हाच शुंडके बाहेर काढतात. शैलप्रवाळाची शुंडके सहाच्या पटीत असतात, पोवळ्याच्या जातीची आठ. मोजता आली तर मोजावीत. भिंगावर खारे शिंतोडे उडाले असतील, तर आधी गोड्या पाण्याने धुवावे आणि मगच पुसावे, कारण मिठाच्या कणांनी त्यावर ओरखडे पडतात. काम झाल्यावर भिंग काचेवर तसेच सोडू नये. खिडकीतून येणारे ऊन त्यातून एकवटून पडदा पेटू शकतो.