खापरांचं मडकं

खापर म्हटलं, की आपल्याला ते कुणाच्या तरी माथी फोडणंच आठवतं. पण संगणकावरच्या एका खेळात मुलं हीच खापरं तासन् तास शोधत असतात आणि चार खापरं जुळवून मडकं करतात. खेळाचं नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा हा खेळ २०११ मध्ये पूर्ण रूपात बाजारात आला. माती, दगड, लाकूड यांचे चौकोनी ठोकळे खणायचे आणि त्यांतून हवं ते बांधायचं, हे त्याचं मूळ सूत्र.

त्यात नक्षीदार मडकं आलं ते जून २०२३ मध्ये. साधं मडकं करणं सोपं आहे. पाण्याखाली चिकणमाती मिळते. तिचे गोळे भट्टीत भाजले, की विटा होतात. कारागिरीच्या टेबलावर वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार विटा मांडल्या, की मडकं तयार! नक्षी हवी असेल, तर विटेच्या जागी खापर ठेवायचं. मडक्याला चार बाजू, म्हणून खापरंही चार. प्रत्येक बाजूला वेगळं चित्र घेता येतं.

खरी कसोटी आहे ती खापर मिळवण्याची. ते टेबलावर बनत नाही, बहुतेकदा उकरून काढावं लागतं. त्यासाठी एक पीस, तांब्याची एक लगड आणि एक काठी यांचा ब्रश करायचा. मग वाळवंटातले पिरॅमिड, तिथल्या विहिरी, समुद्रतळावरचे भग्नावशेष किंवा जमिनीत गाडली गेलेली जुनी वस्ती गाठायची. तिथे वाळूचे आणि खडीचे काही ठोकळे इतरांपेक्षा किंचित वेगळे दिसतात. त्यांवरून साधारण पाच सेकंद ब्रश फिरवला, की आतली वस्तू बाहेर येते. ती खापरच असेल असं नाही. कधी पाचू निघतो, तर कधी सुरुंगाची दारू.

इथे घाई चालत नाही. मध्येच हात थांबला, तर झाडलेली वाळू पुन्हा भरू लागते. फावडं मारलं, तर ठोकळा फुटतो आणि आतली वस्तू कायमची जाते. खालचा आधार काढला, तरी ठोकळा पडून फुटतो. म्हणून आधी खाली काय आहे ते पाहायचं.

मडकं तयार झालं, की शोभेला ठेवता येतं. एकाच प्रकारच्या वस्तूंची एक रासही त्यात साठवता येते. मात्र ती हाताने परत काढता येत नाही. नुसत्या हाताने फोडलं, तर मडकं अख्खं सुटून येतं. कुदळ किंवा तलवार मारली, तर त्याची चार खापरं वेगळी होतात आणि नव्या मडक्यासाठी पुन्हा वापरता येतात.

आणखी एक गंमत आहे. कोणतं खापर कुठे सापडेल, हे ठरलेलं असतं. धनुर्धारी आणि कवटी पिरॅमिडमध्ये मिळतात, तर हृदय आणि धान्याची पेंढी गाडलेल्या वस्तीत. म्हणजे खापराचं त्याच्या जागेशी नातं आहे.

खऱ्या उत्खननात तर हे नातंच सर्वांत मोलाचं. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे हे गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. लाल भांड्यांवर काळी नक्षी असलेली खापरं तिथे मिळाली आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. खापर कोणत्या थरात होतं आणि त्याच्या शेजारी काय होतं, यावरून त्याचा काळ ठरतो. तेच उचलून खिशात घातलं, तर नक्षी उरते, पण साक्ष जाते.

खेळात खापर हाती आलं, की काम संपतं. उत्खननात ते तिथून सुरू होतं. म्हणून मुलांना खुशाल खेळू द्या. मात्र शेतात, नदीकाठी एखादं जुनं नक्षीदार खापर दिसलं, तर खणू नका. जागा नीट लक्षात ठेवा, फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. खेळात फुटलेला ठोकळा दुसरीकडे शोधता येतो. जमिनीतला थर एकदा विस्कटला, की पुन्हा रचता येत नाही.