‘आर’मधील माहितीसंच आणि संगणकाची स्मृती

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ ही संगणकीय भाषा घडवली. तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असल्याने संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांपासून सर्वेक्षणाचे आकडे तपासणाऱ्या संशोधकांपर्यंत अनेकजण आज ती वापरतात. मात्र या भाषेचा एक स्वभाव आरंभीच ध्यानात घ्यावा लागतो. ज्या माहितीवर काम करायचे, ती सर्वसाधारणपणे संपूर्णच रॅममध्ये आणली जाते. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यासाठी ही बाब क्षुल्लक नाही. रॅम भरली की संगणक मंदावतो आणि तासाभराची आकडेमोड अर्ध्यावरच थांबते.

‘आर’च्या अनेक पॅकेजांबरोबर तयार माहितीसंच मिळतात. ‘आयरिस’ या प्रसिद्ध संचात फुलांच्या केवळ १५० नोंदी आहेत; तो कसाही उघडला तरी बिघडत नाही. ‘एनवायसीफ्लाइट्स१३’ या पॅकेजमधील ‘फ्लाइट्स’ हा संच मात्र वेगळा आहे. न्यूयॉर्कच्या विमानतळांवरून २०१३ मध्ये निघालेल्या विमानांच्या ३,३६,७७६ नोंदी त्यात १९ स्तंभांत मांडलेल्या आहेत. रॅममध्ये त्याला सुमारे ४० मेगाबाइट जागा लागते.

पॅकेज जोडताक्षणी ही सारी माहिती रॅममध्ये येते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. पॅकेजच्या वर्णनपत्रात ‘लेझीडेटा’ ही सोय चालू असेल, तर ‘आर’ केवळ संचाचे नाव नोंदवून ठेवते. कोठाराची किल्ली हाती असावी, पण धान्य कोठारातच राहावे, तशी ही व्यवस्था आहे. ते नाव प्रथम वापरले जाते, मग पहिल्या चार ओळी पाहण्यासाठी का होईना, तेव्हाच संपूर्ण संच डिस्कवरून रॅममध्ये येतो.

खरी उधळपट्टी पुढे होते. सवयीने अनेकजण आधी ‘डेटा’ ही आज्ञा देतात. त्यामुळे वापरकर्त्याच्या कार्यक्षेत्रात त्याच संचाची स्वतंत्र नोंद तयार होते. नंतर कार्यक्रमात कोठे पॅकेजचे नाव, दोन कोलन आणि संचाचे नाव असे लिहून तोच संच मागवला, तर तो पॅकेजकडून पुन्हा उचलला जातो. मग एकच माहिती रॅममध्ये दोनदा बसते. ४० मेगाबाइटच्या जागी ८० मेगाबाइट खर्ची पडतात. म्हणून पहिला नियम असा, की संच मिळवण्याचा एकच मार्ग निवडावा आणि तो शेवटपर्यंत पाळावा.

कोणता मार्ग निवडावा, हे कामावर अवलंबून आहे. संच लहान असेल किंवा शेवटपर्यंत लागणार असेल, तर दोन कोलनची पद्धत सुटसुटीत ठरते. तिच्यासाठी पॅकेज जोडण्याचीही गरज नसते. परंतु एकदा उचललेला संच पॅकेजच्या ताब्यात राहतो आणि कार्यक्षेत्रातील नाव पुसण्याच्या ‘आरएम’ आज्ञेने तो सुटत नाही. मोठा संच थोड्याच वेळासाठी हवा असेल, तर ‘डेटा’ ही आज्ञा एखाद्या फंक्शनच्या आत द्यावी आणि संच त्या फंक्शनच्याच कार्यक्षेत्रात ठेवण्यास सांगावे. तेथेच हवे ते स्तंभ निवडून फक्त तेवढे बाहेर पाठवावेत. फंक्शन संपले की मूळ संचाला कोणाचा आधार उरत नाही आणि ‘आर’ ती जागा आपोआप मोकळी करते. उदाहरणार्थ, कोणत्या विमानतळावरून विमाने किती उशिरा निघाली एवढेच पाहायचे असेल, तर १९ पैकी दोन स्तंभ पुरतात. ते सुमारे साडेपाच मेगाबाइटमध्ये मावतात.

आणखी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. ‘डेटा’ आज्ञेचे उत्तर नव्या नावात साठवले, तर हाती संच येत नाही, केवळ त्याचे नाव येते; नवशिके येथे हमखास चकतात. दुसरे असे, की संचाला नुसते दुसरे नाव दिल्याने जागा दुप्पट होत नाही. ‘आर’ प्रत तेव्हाच काढते, जेव्हा त्यातील एखादा भाग बदलला जातो, आणि तेव्हाही सहसा बदललेल्या स्तंभाचीच. त्यामुळे दुसऱ्या नावाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

कोणता संच किती जागा व्यापतो, हे ‘ऑब्जेक्ट डॉट साइझ’ या आज्ञेने क्षणात कळते. नवी रॅम विकत घेण्याचा विचार करण्यापूर्वी ही आज्ञा एकदा देऊन पाहावी. पुष्कळदा अडचण यंत्राच्या क्षमतेत नसते. एकच माहिती दोनदा उचलण्याच्या सवयीत असते.